पॅकेज जाहीर झालं, पण पैसा मंजूर झाला का? पुरवणी मागण्या आणि आकस्मिकता निधी स्वतः कसे तपासायचे

अतिवृष्टी होते, मंत्री बांधावर येऊन जातात, मुंबईत पत्रकार परिषद होते, टीव्हीवर हजारो कोटींचा आकडा येतो आणि मग गावात पुढचे दोन-तीन महिने एकच प्रश्न असतो, पैसे कधी पडणार. तलाठ्याला विचारा, तो म्हणतो वरून आलं नाही, तहसीलला विचारा तर तिथंही तेच. आणि ते खोटं बोलत नसतात, कारण त्यांच्यापर्यंत फक्त शेवटचं टोक येतं, पैसा आहे की नाही हे खरं ठरतं विधिमंडळात आणि वित्त विभागात, आणि तिथले कागद कोणालाही बघता येतात. हे कागद कुठले, कुठल्या क्रमाने उघडायचे आणि त्यात नेमकं काय शोधायचं ते खाली लिहितोय. महाराष्ट्राचं उदाहरण घेतलंय, बाकी राज्यांत सांगाडा हाच असतो, फक्त नावं आणि क्रमांक बदलतात.

आधी मूळ नियम डोक्यात पक्का करा. राज्यघटनेचं कलम २६६ म्हणतं की राज्याच्या एकत्रित निधीतून (म्हणजे मुख्य तिजोरीतून) कायद्याने ठरवल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत. म्हणजे मुख्यमंत्र्यांनी घोषणा केली, मंत्रिमंडळाने ठराव केला, तरी विधिमंडळाची मंजुरी असल्याशिवाय तिजोरीतून रुपया निघत नाही, पूर असो, भूकंप असो की कोरोना. मग संकटाच्या वेळी सरकार लगेच खर्च कसा करतं? त्यासाठी घटनेतच सोय आहे आणि ती सोय कुठली वापरली हे ओळखता आलं की अर्धं काम झालं.

पहिलं काम, घोषणेचा आकडा फोडायचा

७ ऑक्टोबर २०२५ ला राज्य सरकारने अतिवृष्टीग्रस्तांसाठी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, आठवत असेल. लोकांनी हा आकडा ऐकला आणि वाटलं एवढे पैसे मदत म्हणून खात्यात येणार. पण त्या आकड्यात वेगवेगळ्या जातीचे पैसे एकत्र होते. रस्ते-पूल वगैरे पायाभूत कामांच्या दुरुस्तीचे १०,००० कोटी होते, ते शेतकऱ्याच्या खात्यात येणारच नव्हते. खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रोख आणि ३ लाखांपर्यंत मनरेगातून असं सांगितलं होतं, म्हणजे त्या तीन लाखांसाठी मनरेगाचं काम मंजूर व्हायला लागणार, मजुरी आणि साहित्याचे नियम लागणार, ते डीबीटीने, म्हणजे थेट बँक खात्यात, एका दिवसात पडणारे पैसे नव्हेत. पीकविम्याचा उल्लेख होता, तो तर विमा कंपनीकडून येणार आणि त्याचे निकष वेगळेच.

म्हणून कुठलंही पॅकेज आलं की वहीत चार रकाने करा: केंद्राच्या निकषाप्रमाणे आपत्ती निधीतून किती, राज्याने स्वतःच्या पैशातून वाढवून दिलेलं किती, दुसऱ्या योजनेतून वळवलेलं किती (मनरेगा, विमा), आणि बांधकाम-दुरुस्तीचं किती. पहिले दोन रकाने म्हणजेच शेतकऱ्याला थेट मिळणारी मदत, आणि पुढचा सगळा शोध मुख्यतः त्या दोन रकान्यांसाठी.

पहिल्या रकान्यासाठी निकष माहीत पाहिजे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधी हा आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ खाली आहे, महाराष्ट्रासारख्या राज्यात त्यात केंद्र ७५ टक्के घालतं आणि राज्य २५ टक्के. २०२२ ते २०२६ साठी केंद्राने ठरवलेले पीक नुकसानीचे दर असे: कोरडवाहू हेक्टरी ८,५०० रुपये, बागायती १७,०००, बहुवार्षिक पिकं २२,५००, आणि तेही दोन हेक्टरपर्यंत. राज्याने तीन हेक्टर म्हटलं किंवा दर वाढवला तर वरचा फरक या निधीतून देता येत नाही, तो राज्याच्या स्वतःच्या पैशातून द्यावा लागतो आणि त्यासाठी वेगळी तरतूद लागते. जीआरमधे (शासन निर्णयात) बहुतेक वेळा हे वेगळं लिहिलेलं असतं. मदत दोन हप्त्यांत येते, आधी एक रक्कम मग महिन्याने दुसरी, त्याचं एक कारण हेच असतं की दोन्हीचा पैसा वेगळ्या ठिकाणचा असतो.

दुसरं, पैसा कुठल्या वाटेने येतोय ते ओळखायचं

वाटा चारच आहेत.

एक, मार्चच्या अर्थसंकल्पातच ठेवलेली तरतूद. दरवर्षी काहीतरी रक्कम आपत्तीच्या शीर्षाखाली (शीर्ष म्हणजे सरकारी हिशोबातला खर्चाचा खाना) ठेवलेली असतेच, ती वापरायला नव्याने कोणाला विचारावं लागत नाही. सगळ्यात लवकर येणारा पैसा हाच. अर्थात मोठं संकट आलं की तो पहिल्या काही दिवसांतच संपतो.

दोन, आकस्मिकता निधी. घटनेचं कलम २६७. हा निधी राज्यपालांच्या हाती ठेवलेला असतो आणि अनपेक्षित खर्च आला, विधिमंडळ बसलेलं नाही, पुढच्या अधिवेशनापर्यंत थांबता येत नाही, अशा वेळी यातून अग्रिम म्हणजे ॲडव्हान्स घेतात. हा शब्द महत्त्वाचा आहे, ही उसनवारी आहे, पुढच्या अधिवेशनात पुरवणी मागणी (बजेटनंतर जादा पैशासाठी विधिमंडळाकडे केलेली मागणी) मांडून ती रक्कम परत भरावीच लागते. आता गंमत बघा, महाराष्ट्राच्या आकस्मिकता निधीचा कायम आकडा फक्त १५० कोटी आहे. साडेसहा-सात लाख कोटींच्या बजेटला १५० कोटी! एखाद्या जिल्ह्याच्या नुकसानीलाही पुरणार नाहीत. म्हणून सरकार करतं काय, तर अध्यादेश काढून या निधीची मर्यादा तात्पुरती वाढवतं, आणि तो अध्यादेश पुढच्या अधिवेशनात विधेयक म्हणून आणावा लागतो, अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याला मंजुरी मिळाली नाही तर तो आपोआप संपतो. नोव्हेंबर २०१९ मधे अवकाळी पावसाच्या मदतीसाठी आकस्मिकता निधीतून पाच हजार कोटींच्या वर मंजूर केल्याची बातमी तुम्ही वाचली असेल, आता कळेल की १५० कोटींच्या निधीतून पाच हजार कोटी काढायचे तर आधी निधी मोठा करावा लागतो. केंद्राचंही तसंच होतं, भारताचा आकस्मिकता निधी बरीच वर्षं ५०० कोटींचा होता, २०२१ मधे तो एकदम ३०,००० कोटी केला, कोरोनाने शिकवलेला धडा होता तो. महाराष्ट्राने कायम आकडा असा वाढवावा असं माझं स्पष्ट मत आहे, कारण दर संकटात अध्यादेशाची वाट बघण्यात जे दिवस जातात ते त्या माणसाचे जातात ज्याची माती वाहून गेलीये.

तीन, पुरवणी मागण्या. कलम २०५. ही मुख्य वाट, हिच्यावर पुढे सविस्तर.

चार, दुसरीकडचा पैसा कापून इकडे आणणं. बजेटमधे प्रत्येक विभागाचा खर्च क्रमांक दिलेल्या मागण्यांत वाटलेला असतो; एकाच मागणी क्रमांकाच्या आत एका शीर्षातला वाचलेला पैसा दुसऱ्या शीर्षाला देणं याला पुनर्विनियोजन म्हणतात, ते वित्त विभागाच्या मंजुरीने होतं. पण एका मागणीतून दुसऱ्या मागणीत पैसा असा परस्पर हलवता येत नाही, तिथं विधिमंडळात यावंच लागतं. आणि सरसकट कपात हाही याचाच प्रकार समजा: ४ मे २०२० चा वित्त विभागाचा जीआर काढून बघा, त्यात विभागांना वर्षाच्या तरतुदीच्या फक्त ३३ टक्के निधी मिळेल असं सांगितलं होतं, नवीन योजना बंद, भरती बंद, आणि आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, अन्न पुरवठा, मदत व पुनर्वसन असे मोजके विभाग प्राधान्याचे ठेवले होते. आपल्या गावचा मंजूर रस्ता त्या वर्षी का अडकला याचं उत्तर त्या एका कागदात आहे.

तिसरं, कॅलेंडर समोर ठेवा

राज्याची अधिवेशनं तीन, फेब्रुवारी-मार्चचं बजेट अधिवेशन आणि जून-जुलैचं पावसाळी ही दोन्ही मुंबईत, डिसेंबरचं हिवाळी नागपुरात. पुरवणी मागण्या याच वेळी येतात, बहुतेक करून अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी. म्हणजे पूर सप्टेंबरमधे आला तर नवीन मंजूर पैसा डिसेंबरच्या आधी कायद्याने येऊच शकत नाही. २०२५ मधे तेच झालं, पॅकेज ७ ऑक्टोबरला आणि नागपूर अधिवेशन सुरू झालं ८ डिसेंबरला, मधल्या दोन महिन्यांत जे वाटलं गेलं ते कायद्याप्रमाणे आधीच्या तरतुदीतून किंवा आकस्मिकता निधीतूनच असू शकतं. कोणी नोव्हेंबरमधे सांगितलं की सगळे पैसे मंजूर झालेत तर त्याला शांतपणे एवढंच विचारायचं, कुठल्या तरतुदीतून.

चौथं आणि मुख्य, पुरवणी मागण्यांचं पुस्तक वाचणं

वित्त विभागाच्या वेबसाइटवर अर्थसंकल्पीय प्रकाशनांत हे पुस्तक पीडीएफ म्हणून मिळतं. बघून घाबरायला होतं, शेकडो पानं, सगळे आकडे, भाषा मंत्रालयाची. पण आपल्याला सगळं वाचायचंच नाहीये.

पहिल्यांदा पानाच्या वरच्या कोपऱ्यात बघा आकडे हजारात आहेत की लाखात की कोटीत. ही पायरी सोडू नका, हजारातला आकडा लाखात वाचला की शंभर पटीचा घोळ होतो आणि तो घोळ व्हॉट्सॲपवर फिरायला लागला की थांबवता येत नाही.

मग मागणी क्रमांक. महाराष्ट्रात प्रत्येक विभागाला एक अक्षर आहे आणि त्यापुढे आकडा. महसूल व वन विभागाचं अक्षर सी, आणि नैसर्गिक आपत्तीच्या मदतीची मागणी आहे सी-६. तिच्याखाली मुख्य लेखाशीर्ष २२४५, नैसर्गिक आपत्तीच्या निवारणासाठी सहाय्य. हा २२४५ पाठ करून टाका, कारण हा चार आकडी क्रमांक देशभर सगळ्या राज्यांत एकच आहे, केरळचं बजेट उघडलं तरी पुराची मदत २२४५ खालीच सापडेल. तसंच आकस्मिकता निधीचा क्रमांक ८०००, आणि त्या निधीत भर घालण्यासाठी एकत्रित निधीतून जो पैसा जातो त्याचा ७९९९. पीडीएफमधे मराठी शब्द सर्च होत नाही बऱ्याचदा, फॉन्टचा प्रॉब्लेम असतो, तेव्हा आकडा टाकून शोधा, आणि मराठी आकड्याने सापडलं नाही तर इंग्रजी आकड्याने.

आता एक नोंद जवळून बघू. वर मागणी क्रमांक आणि शीर्ष असतं. त्याखाली दत्तमत की भारित लिहिलेलं असतं, दत्तमत म्हणजे ज्यावर आमदार मतदान करतात, भारित म्हणजे व्याज, न्यायाधीशांचे पगार असला खर्च ज्यावर चर्चा होते पण मतदान होत नाही. मग मागितलेली रक्कम. आणि त्याखाली बारीक अक्षरात दोन-चार ओळींचं स्पष्टीकरण, खरा माल तिथं आहे. ते स्पष्टीकरण वाचताना तीन गोष्टी शोधायच्या.

अग्रिम, प्रतिपूर्ती असे शब्द दिसले तर समजा हा पैसा आधीच आकस्मिकता निधीतून खर्च झालाय आणि आता फक्त परतफेड मंजूर करून घेतायत. म्हणजे गावाला यातून नवीन काही मिळणार नाही! हे फार लोकांच्या लक्षात येत नाही, ऑक्टोबरची मदत ऑक्टोबरमधेच मिळालेली असते आणि डिसेंबरमधे तोच आकडा पुरवणी मागणीत दिसला की लोकांना वाटतं आणखी एक हप्ता येणार, आणि मग महिनाभर बँकेत चकरा.

दुसरं, एक हजार रुपयांसारखी किरकोळ रक्कम दिसली तर ती छपाईची चूक नाही. तिला लाक्षणिक मागणी म्हणतात. पैसा त्याच मागणीत दुसरीकडे वाचलेला असतो, पण काम नवीन प्रकारचं असल्यामुळे सभागृहाची परवानगी लागते, म्हणून नाममात्र रक्कम मागून परवानगी घेतात. अशा नोंदीमागे कोट्यवधींचं काम असू शकतं, सोडून देऊ नका, उलट स्पष्टीकरण नीट वाचा की वाचलेला पैसा कुठल्या शीर्षातला आहे, कारण तिथलं कुठलं तरी काम थांबलेलं आहे.

तिसरं, खर्च कशासाठी आहे ते. नुकसानभरपाई, राज्याचा हिस्सा निधीत भरणं, पाण्याचे टँकर, घरांची पडझड हे सगळं २२४५ च्या पोटात वेगवेगळ्या उपशीर्षांखाली असतं, नुसता वरचा एकूण आकडा घेऊन पोस्ट टाकू नका.

पुस्तकाच्या सुरुवातीला गोषवारा असतो, तोही बघायचा. उदाहरणार्थ, जून २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात ५७,५०९.७१ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. त्यात १९,१८३.८५ कोटी अनिवार्य, ३४,६६१.३४ कोटी कार्यक्रमांतर्गत आणि ३,६६४.५२ कोटी केंद्र पुरस्कृत योजनांसाठी. अनिवार्य म्हणजे टाळताच न येणारा खर्च, कार्यक्रमांतर्गत म्हणजे सरकारने स्वतः ठरवलेल्या योजना. संकटासाठी म्हणून पुरवणी मागण्या आणल्या असं कोणी म्हटलं की हे तीन आकडे आधी समोर ठेवायचे. आणि अजून एक, स्थूल रक्कम आणि निव्वळ भार वेगळे असतात, त्या ५७ हजार कोटींतला तिजोरीवर प्रत्यक्ष पडणारा भार ४०,६४४.६९ कोटी होता, बाकीची रक्कम केंद्राकडून येणारी किंवा हिशोबातच इकडची तिकडे होणारी. पेपरवाले मोठा आकडा छापतात, विरोधक मोठा आकडा बोलतात, तुम्ही दोन्ही लिहा.

नियम कुठे सैल आहेत

पुरवणी मागणी घटनेत कशासाठी ठेवलीये? मंजूर रक्कम त्या वर्षात अपुरी पडली, किंवा बजेट करताना डोक्यात नसलेल्या एखाद्या नवीन सेवेची गरज निर्माण झाली, एवढ्यासाठीच. पण ती किती मोठी असावी याला घटनेत मर्यादा नाही. त्यामुळे काय झालंय ते आकड्यांत बघा. २०२४-२५ चं बजेट ६,१२,२९३ कोटींचं, ते २८ जून २०२४ ला मांडलं, आणि काही दिवसांतच त्याच अधिवेशनात ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. मग डिसेंबरमधे ३५,७८८ कोटी, मार्च २०२५ मधे ६,४८६ कोटी. बेरीज १ लाख ३७ हजार कोटींच्या वर, म्हणजे मूळ बजेटच्या सुमारे २२ टक्के. २०२५-२६ चं बजेट ७,००,०२० कोटी, त्यावर जूनमधे ५७,५०९ आणि डिसेंबरमधे ७५,२८६ कोटी, दोनच अधिवेशनांत सुमारे १९ टक्के. डिसेंबरच्या मागण्यांत अतिवृष्टीच्या मदतीचा वाटा मोठा होता आणि तो रास्तच होता, त्याला कोणी नाही म्हणणार नाही. पण जून २०२४ चं बजेट मांडताना ज्या योजना त्याच भाषणात जाहीर केल्या त्यांचा पैसा पुरवणीत का आला? ते अनपेक्षित नव्हतं. माझा राग पुरवणी मागण्यांवर नाही, राग यावर आहे की खऱ्या संकटासाठी ठेवलेली सोय रोजच्या वापरात आली की खरं संकट त्या गर्दीत दिसेनासं होतं, शेकडो पानांच्या पुस्तकात सी-६ कुठे आहे ते आमदारालाही सापडत नाही.

उलटंही होतं. कॅगचे (सरकारी हिशोब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचे) राज्याच्या वित्तव्यवस्थेवरचे अहवाल दरवर्षी येतात, त्यात पुन्हा पुन्हा एक शेरा दिसतो की अमुक विभागाने पुरवणी तरतूद घेतली पण वर्षाअखेर खर्च मूळ तरतुदीएवढाही झाला नाही, म्हणजे पुरवणी घ्यायची गरजच नव्हती. आपल्या विषयाचा विभाग त्या यादीत आहे का ते जरूर बघा. आणि मंजुरीपेक्षा जास्त खर्च झाला असेल तर तोही तसाच सोडता येत नाही, कलम २०५ प्रमाणे तो जादा खर्च आमदारांच्या लोकलेखा समितीकडून तपासून मग विधिमंडळाकडून नियमित करून घ्यावा लागतो. वर्षानुवर्षं रेंगाळतं ते, पण नियम आहे.

कर्जाची मर्यादा

संकट आहे तर कर्ज काढा, असं सगळे म्हणतात. काढता येतं, पण त्यालाही कुंपण आहे. महाराष्ट्राचा राजकोषीय उत्तरदायित्वाचा कायदा २००५ चा आहे, राजकोषीय तूट (खर्च भागवायला जेवढं कर्ज काढावं लागतं ती रक्कम) राज्याच्या सकल उत्पन्नाच्या ३ टक्क्यांच्या आत ठेवायची असा सर्वसाधारण दंडक. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तूट १,३६,२३५ कोटी दाखवली होती, टक्केवारीत २.७६. हे वाचताना लक्षात घ्या की हा मार्चमधला अंदाज असतो, पुरवणी मागण्या नंतर येतात, त्यामुळे पुढच्या मार्चमधे सुधारित अंदाज काय म्हणतो ते बघितल्याशिवाय मर्यादा पाळली की नाही ते सांगता येत नाही. दुसरं कुंपण घटनेचं, कलम २९३, राज्यावर केंद्राचं कर्ज थकीत असेल तर नवीन कर्जाला केंद्राची संमती लागते, आणि आपल्यासारख्या राज्यांना ती लागतेच.

कुंपणाला फाटक पण आहे. केंद्राच्या २००३ च्या अशाच राजकोषीय उत्तरदायित्वाच्या कायद्यात २०१८ मधे दुरुस्ती करून युद्ध, राष्ट्रीय सुरक्षा, राष्ट्रीय आपत्ती, शेती कोलमडणं अशा ठराविक कारणांसाठी तुटीचं लक्ष्य अर्ध्या टक्क्यापर्यंत ओलांडायची मुभा ठेवली. कोरोनात ती कुठेच पुरली नाही, २०२०-२१ मधे केंद्राची तूट ९ टक्क्यांच्या पुढे गेली. राज्यांना त्या वर्षी ३ ऐवजी ५ टक्क्यांपर्यंत कर्जाची परवानगी दिली, पण वाढीव दोनमधला अर्धा टक्काच बिनशर्त होता, बाकीचा एक देश एक रेशनकार्ड, वीज वितरण, शहरी संस्थांचं उत्पन्न, व्यवसाय सुलभता अशा सुधारणांना बांधलेला. म्हणजे संकटातलं कर्जसुद्धा अटींवर मिळालं. पंधराव्या वित्त आयोगाने मग २०२१-२२ ला ४, २०२२-२३ ला साडेतीन आणि पुढे ३ टक्के असा उतार ठरवून दिला. तुमच्या भागातला एखादा नेता म्हणाला की केंद्राने हात बांधलेत, तर ते कुठल्या वर्षाबद्दल बोलतायत आणि त्या वर्षी मर्यादा किती होती एवढं बघितलं की खरंखोटं कळतं.

मंजुरीनंतर पैसा कुठे अडकतो

मागण्यांवर साधारण दोनेक दिवस चर्चा होते, मतदान विधानसभेत होतं, विधानपरिषद चर्चा करते पण नाकारू शकत नाही. मग पुरवणी विनियोजन विधेयक मंजूर होतं, राज्यपालांची सही होते, तेव्हा पैसा कायद्याने उपलब्ध होतो. पण उपलब्ध आणि वितरित यात फरक आहे. पुढची पायरी जीआर. महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयांच्या साइटवर महसूल व वन विभाग निवडा, तारीख टाका, नुकसानीकरिता मदत देण्याबाबत अशा मथळ्याचे जीआर सापडतील, त्याला जोडलेल्या प्रपत्रात जिल्हानिहाय शेतकरी, हेक्टर आणि रक्कम असते. आपला जिल्हा प्रपत्रात नसेल तर तहसीलला भांडून उपयोग नाही, अजून प्रस्तावच मंजूर झालेला नाही, चौकशी विभागीय आयुक्त आणि जिल्हाधिकारी कार्यालयात करायची की प्रस्ताव कधी पाठवला.

जिल्हा असेल तर बीम्स बघा, राज्याची निधी वाटपाची ऑनलाइन प्रणाली, त्यात शीर्षाप्रमाणे तरतूद किती, वितरित किती, खर्च किती दिसतं. तरतूद आहे आणि वितरण शून्य, तर पैसा वित्त विभागात थांबलाय. वितरण झालं आणि खर्च कमी, तर जिल्ह्यात थांबलाय, म्हणजे याद्या अपलोड व्हायच्या राहिल्यात, ई-केवायसी झालेलं नाही, सामाईक खात्याची संमती नाही, आधारला भलतंच बँक खातं जोडलंय, असलं काहीतरी. इथे मात्र गावपातळीवरच काम करावं लागतं: यादीत नाव आहे का, व्हीके नंबर (यादीतल्या शेतकऱ्याला मिळणारा विशिष्ट क्रमांक) आलाय का, सेवा केंद्रात जाऊन केवायसी झालं का.

कुठेच उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकार. दहा रुपये फी, उत्तराची मुदत तीस दिवस. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा, त्यामुळे गोष्ट सांगत बसू नका, सरळ मागा: अमुक तारखेच्या शासन निर्णयानुसार मागणी क्रमांक सी-६, लेखाशीर्ष २२४५ खाली अमुक तालुक्याला प्राप्त झालेली रक्कम, प्राप्त झाल्याची तारीख, आजपर्यंत वाटप झालेली रक्कम, शिल्लक रक्कम आणि वाटप न झालेल्या खातेदारांची कारणनिहाय संख्या. मागणी क्रमांक आणि शीर्ष लिहिलेला अर्ज टाळणं अवघड जातं, कारण समोरच्याला कळतं की अर्जदाराने कागद बघितलेत.

आणि आमदाराला पत्र द्यायचं तर अधिवेशनाच्या आधी द्या. पुरवणी मागणीवर कपात सूचना (मागणीची रक्कम कमी करा असा आमदाराचा प्रस्ताव) देता येते, पण चर्चा त्या पुस्तकातल्या बाबींपुरतीच ठेवायचा नियम आहे, त्यामुळे आमच्याकडे लक्ष द्या असं मोघम लिहून काही होत नाही. पुस्तक पहिल्या दिवशी मांडलं की त्याच संध्याकाळी सी-६ चं पान शोधा, त्या पानाचा नंबर, बाब क्रमांक आणि आपला एक प्रश्न एवढं अर्ध्या पानात लिहून आमदाराच्या स्वीय सहायकाला फोनवर पाठवा, चर्चा बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर लागते, तेवढा वेळ पुरतो.